‘स्टार ट्रेक’चे पहिले पर्व : प्रतवारीचा एक निकष

एखाद्या संग्रहातील कथांची प्रतवारी लावणे हे टीकेचे गौण काम समजले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे. उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी लेबले लावल्याने कलाकृतीविषयीचे ज्ञान वाढतेच असे नाही. मात्र प्रतवारी लावणाऱ्याला आपला निकष उघड करावा लागतो. आणि निकष उघड केला, की त्या कथाप्रकाराकडून अपेक्षा कोणती, हेही सांगणे ओघाने येते. या दृष्टीने अमेरिकेत एनबीसीवरून ८ सप्टेंबर १९६६ ते १३ एप्रिल १९६७ या काळात प्रक्षेपित झालेले ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा-मालिकेचे पहिले पर्व अभ्यासनीय ठरते.

जीन रॉडनबेरी यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या मालिकेच्या पहिल्या पर्वात २९ भाग आहेत. ‘एंटरप्राइझ’ हे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, अर्धा मानव व अर्धा व्हल्कन असलेला त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय ही पात्रे या भागांना जोडणारा धागा होत. ‘द मेनाजरी’ ही दोन भागांत विभागलेली कथा वगळता प्रत्येक भाग स्वयंपूर्ण आहे. लेखक व दिग्दर्शक बदलत राहतात. प्रक्षेपणाचा क्रमही निर्मितीच्या क्रमाशी जुळत नाही. ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’ हा भाग मुळात मालिकेचा दुसरा नमुना म्हणून तयार झाला होता. परंतु तो तिसऱ्या क्रमांकावर दाखविण्यात आला, आणि त्यात मॅकॉय दिसतच नाही. तेव्हा हे पर्व क्रमाने उलगडत जाणारी कादंबरी नसून एका चौकटीत बसविलेला कथासंग्रह आहे, असे मानणेच युक्त होय. म्हणूनच त्यातील भागांची परस्परांशी तुलना करता येते.

या भागांची प्रतवारी आजवर पुष्कळांनी लावली आहे. तीत बहुधा कल्पनेचे नावीन्य, भावनेची उत्कटता आणि पात्रांचे आकर्षण हे तीन निकष मिसळलेले असतात. तिन्ही उपेक्षणीय नाहीत. पण ते कोणत्याही कथेला लावता येतील असे आहेत. विज्ञानकथेची विशेष मागणी त्यांतून व्यक्त होत नाही. विज्ञानकथा एखादा कल्पित नियम मांडते, आणि बहुधा त्या नियमाच्या द्वारे माणसासमोर एखादे परके अस्तित्व उभे करते. यावरून निकषाची दोन अंगे निश्चित करता येतात. पहिले असे की, मांडलेला नियम शेवटपर्यंत पाळला गेला आहे काय? दुसरे असे की, त्या परक्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कथा पुढे सरकूच नये, अशी गरज निर्माण झाली आहे काय? पहिले अंग कथेच्या व्याकरणाचे आहे; दुसरे तिच्या आशयाचे.

पहिल्या अंगावर सर्वांत उघडपणे नापास होणारा भाग म्हणजे ३० मार्च १९६७ रोजी प्रक्षेपित झालेला ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’. लॅझरस नावाची एकच व्यक्ती दोन विश्वांत दोन रूपांनी वावरते, एक रूप द्रव्याचे व दुसरे प्रतिद्रव्याचे. आणि ती दोन रूपे एका विश्वात समोरासमोर आली तर सर्वनाश ओढवेल, अशी कल्पना येथे आहे. परंतु ‘एंटरप्राइझ’चे इंजिनच द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या संयोगावर चालते, हे याच पर्वातील ‘द नेकेड टाइम’ या भागात प्रेक्षकाने पाहिलेले असते. जो संयोग तेथे यान चालवितो तोच येथे विश्व कसा बुडवितो, याचा खुलासा मिळत नाही. लॅझरसच्या भूमिकेसाठी ठरलेला नट आयत्या वेळी न आल्यामुळे दुसऱ्या नटाला उभे करावे लागले, हे या भागाच्या निर्मितीतील विघ्न प्रसिद्धच आहे. पण दोष त्या विघ्नाचा नाही. संज्ञा कोणत्याही अर्थाने वापरता येऊ लागली की तिचा आधारच नाहीसा होतो, आणि मग कर्काला विचार करून सोडविण्यासारखे काही उरत नाही. हा भाग तळाशी ठेवण्यात फारसे कोणाचे दुमत होऊ नये.

मधल्या श्रेणीत विचारार्ह असे तीन भाग येतात. ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’ (२३ फेब्रुवारी १९६७) या भागात एमिनियार व व्हेंडिकार या दोन ग्रहांमध्ये शतकानुशतके गणकयंत्रांवर युद्ध चालू आहे. यंत्राने ज्यांना मृत ठरविले, त्यांनी ठराविक मुदतीत विघटनकक्षात जाऊन स्वतःला नाहीसे करून घ्यावयाचे, असा शिरस्ता आहे. येथे नियम चोखपणे पाळला गेला आहे, आणि त्यातून उमटणारा विचार भाषेच्या अभ्यासकालाही मोलाचा वाटावा असा आहे. संहाराला हिशेबाची भाषा मिळाली की त्याची भीती नष्ट होते, आणि भीती नष्ट झाली की तह करण्याचे कारणही उरत नाही. उणीव एवढीच की, या कथेतील परके केवळ आपली बाजू मांडतात. कर्काला त्यांच्याकडून काही शिकावे लागत नाही. तो यंत्रे फोडतो आणि प्रश्न निकालात काढतो.

‘एरंड ऑफ मर्सी’ (२३ मार्च १९६७) हा भाग या बाबतीत एक पाऊल पुढे जातो. ऑर्गेनिया ग्रहावरील शांत, भित्रे भासणारे वृद्ध हे प्रत्यक्षात देहातीत शक्ती असून, कर्क व क्लिंगॉन सेनापती कोर या दोघांनाही ते युद्ध करू देत नाहीत. शांततेसाठी आलेला कर्क युद्धाचा हक्क हिरावला गेला म्हणून संतापतो, आणि त्या संतापाने स्वतःच ओशाळतो. हे आत्मदर्शन मार्मिक आहे. मात्र येथे प्रकाश पडतो तो कर्कावर. ऑर्गेनियन स्वतः दूरच राहतात. क्लिंगॉन या पर्वात प्रथम अवतरतात ते याच भागात. पण त्यांच्या मुखी इंग्रजीच आहे. मार्क ओक्रंड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी खरोखरीची भाषा रचली ती पुढे १९८४ च्या चित्रपटासाठी.

‘अरीना’ (१९ जानेवारी १९६७) या भागात सरड्यासारख्या गॉर्नशी कर्काला एकट्याने झुंजावे लागते. मानवी ठाणे गॉर्नांनी उद्ध्वस्त केले असल्याने कर्काच्या मनात सूडाची भावना असते. परंतु ते ठाणे त्यांच्या प्रदेशात बांधले गेले होते, असा खुलासा गॉर्नच्या तोंडून येतो, आणि कर्क हाती आलेल्या शत्रूला जीवदान देतो. येथे ऐकण्याचे फळ प्रत्यक्ष कृतीत दिसते. पण हे ऐकणे फार सुलभ झाले आहे. झुंज लावणाऱ्या मेट्रॉनांनीच दोघांच्या हाती भाषांतर करणारे यंत्र दिलेले असते, त्यामुळे मूळ अडचण कथेने सोडविण्याऐवजी टाळली आहे.

तिसऱ्या क्रमांकाचा मान ‘बॅलन्स ऑफ टेरर’ला (१५ डिसेंबर १९६६) द्यावा लागेल. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी पृथ्वी व रोम्युलन यांच्यात युद्ध झाले, तहही झाला. पण दोन्ही पक्षांनी परस्परांचे तोंड पाहिलेले नाही. पडद्यावर रोम्युलनांचा चेहरा प्रथम दिसतो तेव्हा तो स्पॉकसारखा निघतो, आणि यानावरीलच एका अधिकाऱ्याच्या मनातील वंशद्वेष स्पॉककडे वळतो. शत्रू बाहेर आणि संशय आत, असा हा दुहेरी ताण अखेरपर्यंत सुटत नाही. दोन्ही कप्तान एकमेकांचे डाव ओळखतात. किंबहुना तोच त्यांचा संवाद. प्रत्यक्ष बोलणे होते ते पराभवानंतर, मृत्यूच्या उंबरठ्यावर, आणि ते बोलणे मैत्रीच्या शक्यतेचे असते. उशिरा झालेल्या संवादाची किंमत या भागाइतक्या संयमाने या पर्वात अन्यत्र कोठे दाखविली गेलेली नाही.

आता उरतात दोन भाग, आणि प्रतवारीचा खरा प्रश्न तेथेच आहे. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ (६ एप्रिल १९६७) हा भाग बहुतेक याद्यांत अग्रस्थानी असतो. हार्लन एलिसन यांच्या या कथेला १९६८ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्यांच्या मूळ संहितेला अमेरिकन लेखकसंघानेही गौरविले. मॅकॉय भ्रमिष्टावस्थेत कालद्वारातून १९३० सालच्या न्यूयॉर्कमध्ये शिरतो आणि इतिहास बदलतो. त्याच्या शोधात गेलेला कर्क गरिबांसाठी अन्नछत्र चालविणाऱ्या एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. ती जगली तर तिच्या शांतताचळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनीचा विजय होईल. म्हणून तिला अपघातात मरू देणे भाग आहे, हे सत्य त्याला कळते. या भागातील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. एडिथ कर्काकडे मदत करू देण्याची परवानगी मागते. तेव्हा तो म्हणतो की, भावी काळातील एक कादंबरीकार या तीन शब्दांना प्रेमाच्या कबुलीपेक्षाही वरचे स्थान देईल. तोच कर्क अखेरीस तिला वाचवू पाहणाऱ्या मॅकॉयला धरून ठेवतो. ज्या शब्दांचा त्याने गौरव केला, त्यांचा भंग त्याच्याच हातांनी होतो. नियमाचे पालन, भावनेची तीव्रता आणि भाषेचा उपयोग या तिन्ही बाबतींत हा भाग उच्च प्रतीचा आहे.

तथापि वर मांडलेल्या निकषाचे दुसरे अंग लावले असता या भागाची एक मर्यादा दिसते. एडिथच्या जीविताचा निर्णय एडिथला न विचारता होतो. तिला काहीच कळत नाही. तिचे म्हणणे विचारात घेण्यास कथेत जागाच नाही. शोकांतिकेला हे पोषकच आहे. पण जिच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, तिचे ऐकले जाणे, हे विज्ञानकथेचे विशेष सामर्थ्य येथे वापरले गेलेले नाही.

ते वापरले गेले आहे जीन एल. कून लिखित ‘द डेव्हिल इन द डार्क’ (९ मार्च १९६७) या भागात. जेनस-६ या ग्रहावरील खाणीत एक अज्ञात प्राणी कामगारांना ठार मारीत असतो. कामगार त्याला राक्षस म्हणतात. तो प्राणी सिलिकॉनमय असून खडकातून सहज वाट काढतो. प्रारंभी कर्क त्याला मारण्याचा आदेश देतो, तर स्पॉक त्याला जिवंत पकडावे असे सुचवितो. परंतु कर्क त्या प्राण्याच्या प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते, आणि स्पॉकच तो तात्काळ मारण्याचा आग्रह धरतो. या एका उलटापालटीने दिसून येते की, राक्षस हा शब्द अंतरावरूनच टिकतो. पुढे स्पॉक मनःसंयोग साधतो, त्या वेळी प्रथम हाती येते ती केवळ वेदना. मग तो जखमी जीव खडकावर इंग्रजीत तीन शब्द कोरतो : नकार, मारण्याची क्रिया आणि प्रथमपुरुषी सर्वनाम.

हे वाक्य बारकाईने पाहण्यासारखे आहे. सर्वनाम कर्त्याच्या रूपात आहे, पण ते बसले आहे कर्माच्या जागी. रूपाकडे पाहिले तर ते वचन ठरते, स्थानाकडे पाहिले तर विनवणी. कर्क नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि स्पॉक उत्तर देऊ शकत नाही. मराठीत हे वाक्य तसेच आणता येत नाही. ‘मी मारणार नाही’ आणि ‘मला मारू नका’ यांत सर्वनामाचे रूपही बदलते आणि क्रियापदाचेही. मराठीत शब्दांचा क्रम बराच मोकळा असतो, अर्थाचा निर्णय विभक्ती करते. म्हणून रूप एक सांगते आणि स्थान दुसरे, असा पेच येथे उभाच राहत नाही. भाषांतरकाराला दोहोंपैकी एक अर्थ निवडावा लागेल, आणि निवडताच मूळ प्रसंगाचे अर्धे मर्म हातचे जाईल. कारण ज्या दोघांनी एकमेकांना मारले आहे, त्यांच्यात विनवणी व वचन ही दोन निराळी वाक्ये राहतच नाहीत. एकाचा स्वीकार दुसऱ्यावाचून अशक्य असतो. तह म्हणतात तो याहून वेगळा नाही.

पुढील उलगडा सर्वश्रुत आहे. कामगारांनी खनिजगोळे समजून फोडलेले सहस्रावधी गोल म्हणजे हॉर्टाची अंडी होत, आणि ती त्यांची आई. दगडाला पाझर फुटतो हा मराठी वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा झाला आहे. फरक इतकाच की, पाझर फुटण्याची खरी गरज दगडाला नव्हती, माणसाला होती.

या भागावर दोन आक्षेप संभवतात. मनःसंयोग ही भाषेला बगल देणारी सोय आहे, हा पहिला. तो निम्मा खरा आहे. परंतु त्या सोयीनंतरही कोरलेले वाक्य संदिग्धच राहते, म्हणजे भाषेची अडचण कथेने पुसून टाकलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अखेरीस हॉर्टाची पिल्ले बोगदे खणतील आणि कामगार खनिज गोळा करतील, असा करार होतो; त्यास हॉर्टाची संमती स्पॉकच्या मुखाने कळते, तिच्या स्वतःच्या नव्हे. खाणमालकाला लाभदायक ठरणारा समेट इतक्या झटपट व्हावा, हे संशयास्पद आहे. ही या भागाची खरी उणीव होय, आणि ती मान्य करूनच त्याला पहिले स्थान द्यावयाचे आहे.

सारांश, प्रथम ‘द डेव्हिल इन द डार्क’, द्वितीय ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’, तृतीय ‘बॅलन्स ऑफ टेरर’. त्यांमागोमाग ‘अरीना’, ‘एरंड ऑफ मर्सी’ व ‘अ टेस्ट ऑफ आर्मागेडन’. आणि सर्वांत शेवटी ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’, असा क्रम निष्पन्न होतो. उरलेल्या भागांचे स्थान याच निकषाने या दोन टोकांच्या दरम्यान शोधता येईल. शोकात्म परिणाम हाच निकष मानणारा वाचक पहिल्या दोन भागांची अदलाबदल करील, आणि त्यात त्याची चूक होणार नाही. मात्र तसे करताना एडिथच्या मौनाचे मोल त्याने कसे केले, हे त्याला सांगावे लागेल.