पाच छर्रे आणि एक गोळी

जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द पायोनियर्स’ या १८२३ सालच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात एक हरीण पडतं आणि ते कुणी मारलं यावरून तिघं जण बर्फात उभे राहून वाद घालतात. बार चार उडालेले आहेत, हरणाच्या अंगावर जखमा दोन. एवढ्याशा हिशेबातून कूपरनं पुढच्या चाळीस प्रकरणांचा कज्जा उभा केला आहे. कादंबरी पसरट आहे, तिची वाक्यं लांबलचक आहेत, निसर्गवर्णनं तर दम काढतात. पण हा प्रसंग मला एखाद्या कसलेल्या वकिलानं लिहिल्यासारखा नेटका वाटतो.

काळ १७९३ च्या डिसेंबरातला, नाताळच्या आदल्या दिवसाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑट्सेगो तळ्याच्या बाजूनं एक बर्फगाडी डोंगरातून चालली आहे. तिच्यात या साऱ्या मुलखाचा मालक, न्यायाधीश मार्माड्यूक टेंपल बसला आहे आणि सोबत शिक्षण संपवून घरी परतणारी त्याची मुलगी एलिझाबेथ. गाडी हाकतो आहे अ‍ॅगमेम्नॉन नावाचा गुलाम. रानात कुत्री भुंकू लागतात, न्यायाधीश सामानातून आपली दुनळी काढतो आणि समोरून उड्या घेत निघालेल्या नरावर एकामागून एक दोन बार टाकतो. हरणावर काही परिणाम दिसत नाही. मग झाडांआडून एक कडक आवाज येतो आणि हरीण हवेत उंच उसळतं. पाठोपाठ तसाच दुसरा आवाज, आणि धावण्याच्या वेगातच ते कोसळून गोठलेल्या बर्फावरून घरंगळत जातं. गोळ्या झाडणारे यानंतर दिसतात, दोन पाइन वृक्षांच्या बुंध्यांमागून बाहेर येताना.

घटनांचा हा क्रम कूपरनं जाणूनबुजून लावला आहे. माणसं दिसायच्या आधी आपण बंदुका ऐकतो. कुठल्या बारानं हरीण उसळलं, कुठल्यानं पडलं, हे आपल्याला ठाऊक झालेलं असतं आणि अजून कुणी हक्क सांगायला तोंडही उघडलेलं नसतं. थोडक्यात, वाद सुरू व्हायच्या आधीच वाचकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं आहे. त्यामुळे पुढे न्यायाधीश जे काही बोलतो, ते आपण सत्य माहीत असलेल्या माणसाच्या कानांनी ऐकतो. मजा त्यात आहे.

झाडामागून येणाऱ्यांपैकी म्हातारा म्हणजे नॅटी बंपो, लेदरस्टॉकिंग. सत्तरीच्या आसपासचा, उंच, काटकुळा, हसला की एकच पिवळा दात दाखवणारा. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, अंगात हरणाच्या कातड्याचा कोट, पायांत त्याच कातड्याचे लांब मोजे. कूपर त्याचं नखशिखान्त वर्णन करत करत शेवटी दारूच्या शिंगापाशी येतो. बैलाचं शिंग इतकं पातळ घासलेलं, की आतली दारू बाहेरून दिसावी. नॅटी त्यातून मापानं दारू घेतो आणि बंदूक पुन्हा ठासायला लागतो. दस्ता बर्फावर टेकवला की नळीचं तोंड जवळजवळ त्याच्या टोपीपर्यंत पोचतं. म्हणजे माणूस आणि बंदूक एका उंचीची. वाद घालता घालता त्याचे हात हे काम करत असतात. ठासणीची बंदूक बाळगणाऱ्याला बार उडाल्याबरोबर पुढच्याची तयारी करावीच लागते, नाहीतर हातात नुसती काठी. न्यायाधीशाच्या हातांना मात्र कूपरनं असं कुठलंच काम दिलेलं नाही. तो फक्त बोलतो.

इथे नॅटी न्यायाधीशाला एक टोमणा मारतो आणि सगळी कादंबरी त्या टोमण्यात आहे असं मला वाटतं. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की या खेळण्यातल्या बंदुकीनं दारातली पाखरं मारा हवी तर; हरणाचं किंवा अस्वलाचं मांस पाहिजे असेल तर लांब नळीची रायफल आणि चरबी लावलेलं वेष्टण घ्यावं लागेल, नाहीतर पोटं भरण्यापेक्षा दारूच जास्त फुकट जायची.

चरबी लावलेलं वेष्टण हा तपशील सहज वाचून पुढे जाण्यासारखा नाही. पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात आपल्याकडच्या आखूड शिकारी रायफलीची नळी लांबवत नेली आणि तिच्यातून ही अमेरिकी लांब रायफल घडली. नळीच्या आत पीळदार खाचा. शिशाची गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओतायची, कापडाच्या किंवा पातळ कातड्याच्या चरबी लावलेल्या तुकड्यात धरायची आणि गजानं दाबत खाली दारूपर्यंत न्यायची. खाचा पकडतं ते वेष्टण. गोळीला गिरकी मिळते ती त्याच्यामार्फत. नळीबाहेर पडताच वेष्टण गळून जातं आणि गोळी गिरक्या घेत एकटी पुढे जाते. मग बाहेर कानावर रंजक घालायची, चकमक तपासायची. कोकणात डुकरांपासून शेती राखायला परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवणाऱ्यांना यातला ठासण्याचा भाग सांगायला नको.

अर्धा इंच व्यासाची अशी गोळी बारा ग्रॅमच्या आसपास भरते. गोल असल्यामुळे हवा तिला लवकर अडवते. शंभर यार्ड जाईपर्यंत तिचा बराचसा वेग सरलेला असतो. हरणासाठी ती पुरते, पण जवळून आणि योग्य जागी बसली तरच. बार उडाल्यावर समोर पांढऱ्या धुराचा पडदा, आणि दुसरी गोळी ठासेपर्यंत सावज डोंगरापलीकडे. त्यामुळे या हत्यारानं शिकार करणाऱ्याला थांबावं लागतं, जवळ जावं लागतं, नेम धरूनही पुष्कळदा बार न टाकता परतावं लागतं. नॅटीच्या अंगी जो संयम आहे तो कूपरनं वरून चिकटवलेला सद्‌गुण नाही, तो त्याच्या बंदुकीनं त्याला लावलेला आहे. न्यायाधीशाच्या दुनळीत एका नळीत पाखरांचे बारीक छर्रे आहेत, दुसरीत हरणाचे मोठे. दिशा धरून उडवून द्यायचं, एखादा तरी लागेल.

आता न्यायाधीशाचा युक्तिवाद पाहा. जखमा दोन आहेत, एक मानेत, एक थेट काळजात. तेव्हा त्यांतली एक आपली नसेलच असं काही ठामपणे म्हणता येत नाही, असं तो म्हणतो. ‘मी मारलं’ असं म्हणत नाही. संशयाचा फायदा मागतो. नॅटी हरणाची जखमच पुराव्याला काढतो: दोन गोळ्या लागल्या असतील तर रायफलीही दोन उडाल्या आहेत, मानेला पडलेलं असलं फाटकं भोक गुळगुळीत नळीच्या बंदुकीनं पडलेलं कुणी पाहिलं आहे का, आणि हरीण पडलं ते शेवटच्या बाराला, जो आपल्या दोघांहून तरुण हातातला होता. हे सांगून तो वर म्हणतो, की मांसावाचून माझं अडत नाही, पण हक्काचं सोडायला जीव होत नाही. तशी इथेही बळी तो कान पिळी आहेच म्हणा.

मग आतापर्यंत गप्प असलेला तरुण, ऑलिव्हर एडवर्ड्‌स, पुढे येतो. तुमच्या नळीत छर्रे किती होते, एवढंच विचारतो. पाच, न्यायाधीश सांगतो. असल्या हरणाला पाच पुरे नाहीत का? एक पुरतो, असं उत्तर देऊन तरुण आपण ज्याच्या आडोशाला उभे होतो त्या झाडाकडे जातो आणि सालीतल्या ताज्या खुणा दाखवतो. चार. न्यायाधीश हसतो, पोरा, तू तर स्वतःविरुद्धच वकिली करतो आहेस, पाचवा कुठे आहे? तरुण अंगरखा बाजूला करून रक्तानं भिजलेला खांदा दाखवतो.

कोर्टातली भाषा वापरून न्यायाधीशानं चेष्टा करावी आणि त्याच वाक्यातल्या प्रश्नाला रक्तानं उत्तर मिळावं, ही बांधणी पहिल्या दर्जाची आहे. कूपर इथे एकही शेरा मारत नाही, जे त्याला सहसा जमत नाही. पाच छर्‍यांचा जमाखर्च पुरा झाला: चार झाडात, एक माणसात, हरणात शून्य. बंदूक चांगली पसरते, अशी न्यायाधीशानं थोड्याच वेळापूर्वी प्रौढी मिरवलेली असते.

भानावर आलेला न्यायाधीश तरुणाला भरपाई म्हणून आपल्या रानात कायमची शिकारीची मुभा देऊ करतो. अशी मुभा त्यानं आजवर एकट्या नॅटीलाच दिलेली असते. त्यावर नॅटीचं म्हणणं असं, की मला मनाई करण्याचा तुमचा हक्क नवा आहे, या डोंगरांत शिकार करण्याचा माझा त्याहून जुना. हरणाचा वाद जमिनीवर आला. हा तरुण त्याच जमिनीच्या मूळ मालकांचा, एफिंगहॅम घराण्याचा वारस निघतो, हे शेवटाकडे उलगडतं, तेव्हा पहिल्या प्रकरणातला छर्रा नेमका कुणाला लागला होता ते कळतं. हे सगळं कूपरला घरचं होतं. त्याचे वडील विल्यम कूपर याच तळ्याकाठी कूपर्सटाउन वसवणारे जमीनदार आणि न्यायाधीश. बापाचं चित्र मुलानं प्रेमानं रंगवलं आहे, पण बंदूक हातात देताना मात्र सवलत दिलेली नाही.

एक गोळी आणि पसरणारे छर्रे हा विरोध पुढे कबुतरांच्या प्रकरणात, बाविसाव्यात, मोठा होतो. प्रवासी कबुतरांच्या थव्यांनी आकाश झाकलेलं, सारं गाव बंदुका, काठ्या घेऊन बाहेर पडलेलं, आणि शेवटी चक्क एक छोटी तोफ छर्‍यांनी भरून आभाळावर डागली जाते. नॅटी उडत्या थव्यातलं एकच कबूतर एका गोळीनं पाडतो, ते उचलतो आणि या नासाडीवर तोंडसुख घेऊन चालू लागतो. या जातीचं शेवटचं कबूतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. कूपरला ते दिसणं शक्यच नव्हतं, तरी आज ते प्रकरण त्या वर्षाच्या सावलीतच वाचलं जातं.

पुढे न्यायाधीशच हरणांच्या रक्षणासाठी हंगामबंदीचा कायदा पुढे रेटतो आणि त्या कायद्यात सापडतो नॅटी. हायरम डूलिटल नावाचा आगाऊ दंडाधिकारी नॅटीच्या कुत्र्यांचे पट्टे मुद्दाम कापतो. सुटलेली कुत्री हरणाला तळ्यात घालवतात आणि म्हाताऱ्याला मोह आवरत नाही. होडीतून पाठलाग करून तो त्याचा गळा चिरतो, तोही सुरीनं. या हरणावर तो गोळी झाडतच नाही. झडतीला विरोध केल्यावर खटला होतो: तासभर खोड्यात, शंभर डॉलर दंड, महिनाभर कैद. शिक्षा ठोठावणाऱ्याच्याच मुलीला त्यानं नुकतंच चित्त्यासारख्या रानमांजरापासून, प्यूमापासून, वाचवलेलं असतं.

इथे बरेच वाचक नॅटीच्या बाजूनं डोळे पुसतात. मला कूपर तितका सोपा वाटत नाही. हंगामबंदी योग्यच आहे, न्यायाधीशाला जंगल टिकावं असं खरोखर वाटतं, आणि पोहणाऱ्या हरणाला होडीतून गाठून मारण्यात कसलंही शौर्य नाही. हे कूपर लपवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तर नॅटीचा जुना हक्क पटणंच अवघड. टोचतं ते एवढंच, की कायदा करावा लागला तो छर्रे उधळणाऱ्यांमुळे आणि सापडला तो एकेक गोळी मोजून वापरणारा.

मार्क ट्वेननं १८९५ मध्ये कूपरची जी टर उडवली, तिच्यात लांबच्या खिळ्यावर गोळी बसवणाऱ्या नॅटीची यथेच्छ थट्टा आहे. थट्टा न्याय्य आहे, पण ती १८४० च्या ‘द पाथफाइंडर’वर. तोवर नॅटीच्या रायफलीला ‘किलडियर’ हे नावही मिळालेलं असतं आणि तिला अशक्य असं काही उरलेलं नसतं. लेदरस्टॉकिंगच्या पाच कादंबऱ्यांत कूपरनं त्याला आधी म्हातारा लिहिला आणि अखेर १८४१ च्या ‘द डीअरस्लेयर’मध्ये विशीतला. पहिल्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याची गोळी हरणाला लागते पण पाडत नाही. टर्कीच्या नेमबाजीत तर ऐन वेळी त्याची चकमक फुसकी जाते आणि तो बार धरायचा की नाही यावर पुन्हा एक वाद झडतो. बंदूक बंदुकीसारखी वागते ती इथेच. म्हणून पाचांतलं एकच वाचायचं असेल तर हे घ्यावं, वर्णनांची पानं खुशाल चाळत जावीत, पण पहिलं आणि बाविसावं प्रकरण ओळीनं वाचावं.