पशुवैद्याचें चरित्र कसें लिहावें ?

रणांगण गाजविणाऱ्याचें चरित्र लिहिणें त्या मानानें सोपें असतें. लढाया असतात, तारखा असतात, पदकें असतात. परंतु ज्याचें सारें कर्तृत्व एखादी वस्तु नाहींशी होण्यांत सांठलेलें आहे, त्याचें चरित्र कसें लिहावें, हा प्रश्न वॉल्टर प्लाउराइट यांच्या आयुष्याचा विचार करतांना आमच्यापुढें उभा राहिला. प्रथम लष्करांतील अधिकारी, पुढें वसाहतींतील पशुवैद्य, एवढीच त्यांची बाह्य हकीकत. पण ज्या बुळकांडीचें नांव निघतांच आमच्या शेतकऱ्याच्या पोटांत गोळा उठे, ती आज जगांतील कोणत्याही गोठ्यांत वा रानांत उरलेली नाहीं. आणि याचें श्रेय ज्यांना द्यावयाचें त्यांत प्लाउराइट अग्रगण्य आहेत.

त्यांचा जन्म १९२३ सालीं लिंकनशायरांत झाला. १९४४ सालीं लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजांतून पदवी घेऊन ते लष्कराच्या पशुवैद्यक दलांत अधिकारी झाले, व १९५० सालीं वसाहतींच्या पशुवैद्यक सेवेंत शिरले. केनियांतील मुगुगा येथील प्रयोगशाळेंत त्यांनीं व त्यांचे सहकारी फेरिस यांनीं बुळकांडीचा विषाणु वासराच्या मूत्रपिंडांतील पेशींवर, काचेच्या भांड्यांत, सुमारें नव्वद वेळां पुनःपुन्हां वाढविला. त्याची नांगी बोथट झाली, पण गुराच्या अंगीं प्रतिकारशक्ति आणण्याचा गुण शाबूत राहिला. पूर्वींच्या लशींनीं नाजूक जातींचीं गुरें आजारी पडत. ही लस सर्व जातींच्या गुरांस मानवली, आणि ती स्वस्तही होती. १९९९ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. २०१० सालीं ते वारले. आणि पुढच्याच वर्षीं जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर मनुष्यानें समूळ उच्छेद केलेला हा दुसराच रोग होय.

अशा आयुष्याकडे पाहण्याच्या दोन पद्धति रूढ आहेत. पहिली स्तुतिस्तोत्राची. तींत आफ्रिका म्हणजे केवळ मागचा पडदा. गोरा साहेब येतो, सुई टोंचतो आणि काळे गुराखी कृतज्ञतेनें पाहत राहतात. दुसरी पद्धति आरोपपत्राची. तींत वसाहतीचा चाकर म्हणजे साम्राज्याचें हत्यार, एवढें म्हटलें कीं लेखकाचें काम संपलें. आमच्या मतें या दोन्ही पद्धति अपुऱ्या आहेत, आणि दोहोंचें अपुरेपण बुळकांडीच्या इतिहासावरूनच दाखवितां येतें.

आरोपपत्राचा आक्षेप पोकळ नाहीं. बुळकांडीनें आफ्रिका उजाड केली ती फौजांच्या मागोमाग येऊन. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्याच्या रसदीसाठीं मसावा बंदरांत उतरविलेल्या गुरांबरोबर ही सांथ तेथें पसरली, व तीं गुरें हिंदुस्थानांतून गेलेलीं असावींत, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. दहा वर्षांत ती खंडाच्या दक्षिण टोकाशीं पोहोंचली; वाटेंतील दहांपैकीं आठनऊ गुरें मेलीं असा अंदाज आहे. इथिओपियांत बैल मेल्यामुळें नांगर थांबले व भीषण दुष्काळ पडला. केनियांतील मसाई खचले, आणि १९०४ व १९११ च्या करारांनीं इंग्रजांनीं त्यांस उत्तम कुरणांतून हलविलें. ज्या सरकारनें पुढें प्लाउराइट यांस नोकरींत घेतलें, त्याचें बस्तान या रोगानें मोकळ्या केलेल्या भूमीवर बसलें होतें. हें न सांगणारें चरित्र अर्धें होय.

पण तेवढेंच सांगणारेंही अर्धेंच. लस टोंचलेल्या गाईचें दूध मसाई मुलाच्याच तोंडीं लागलें, हें आरोपपत्र विसरतें.

स्तुतिस्तोत्र काय विसरतें, तेंही पाहूं. प्लाउराइट यांनीं १९६० सालीं असें दाखविलें कीं, गुरांना होणाऱ्या एका प्राणघातक ज्वराचा विषाणु वाइल्डबीस्ट या रानटी जनावराच्या अंगांत असतो. शोध मोलाचा खरा; पण हीं जनावरें वितात त्या दिवसांत आपलीं गुरें त्यांच्यापासून दूर ठेवावीं, हें मसाई गुराखी कितीतरी आधीं जाणून होता. त्याला विषाणु ठाऊक नव्हता. धोका मात्र ठाऊक होता. लशीच्या बाबतींतही असेंच झालें. १९६२ ते १९७६ पर्यंत आफ्रिकेंतील बावीस देशांत मोठी मोहीम झाली. रोग संपल्यासारखा वाटला, पहारा ढिला पडला, आणि १९८० नंतर सांथ पुन्हां भडकली. शिवाय ही लस उन्हांत टिकेना, आणि दुर्गम प्रदेशांत बर्फ कोण नेणार ? पुढें उष्णता सोसणारी लस निघाली, आणि ती पोंचविली गुराख्यांतूनच शिकवून तयार केलेल्या माणसांनीं. शेवटचा घाव त्यांचा होता. त्यांचीं नांवें मात्र कोणत्याही पारितोषिकावर नाहींत.

यांत आमच्या गांवाचेंही एक पान आहे. या देशांत गुरांच्या सांथींच्या शोधासाठीं सरकारनें प्रयोगशाळा काढली ती १८८९ सालीं पुण्यांत. १८९३ सालीं ती मुक्तेश्वरच्या डोंगरावर गेली. तेथेंच १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचा विषाणु बकऱ्यांतून पुनःपुन्हां नेऊन लस सिद्ध केली. म्हणजे प्लाउराइट यांचें कार्य एका लांब सांखळींतील मोठा दुवा होय, एकट्याचा चमत्कार नव्हे. असें म्हटल्यानें त्यांचें थोरपण उणावत नाहीं. उलट तें नीट मापतां येतें.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, अशा माणसाचें चरित्र लिहितांना आधीं रोगाचें चरित्र लिहावें. तो कोणाच्या फौजेबरोबर आला, कोणाच्या जमिनी त्यानें घालविल्या, आणि कोणाकोणाच्या हातांनीं तो गेला, हें क्रमानें मांडावें. मग त्या ओळींत पशुवैद्याला त्याची खरी जागा आपोआप मिळेल. स्मारकाची त्याला गरज नाहीं. आज आमच्या घरांतील मुलांना बुळकांडी म्हणजे काय असें विचारावें. त्यांना सांगतां येणार नाहीं.