जुळवता जिना आणि देवळाची पायरी

कारखान्यात सुटे भाग घडवून जागेवर जोडावयाचा, उंचीप्रमाणे जुळवून घेता येणारा लोखंडी जिना आता घराघरांत दिसू लागला आहे. उद्या तो एखाद्या अग्रशाळेच्या माडीलाही लागेल. तेव्हा महाजनांनी त्याचे गुणदोष आधीच पारखलेले बरे.

ही कल्पना वास्कोकरांना परकी वाटू नये. बंदरातील जहाजाच्या कुशीला लावलेला जिना भरतीओहोटीने व माल चढल्या-उतरल्याने कमीअधिक तिरपा होतो. परंतु समांतर दांड्यांवर फिरत्या सांध्यांनी बसविलेल्या त्याच्या पायऱ्या सपाटच राहतात. बदल होतो तो साऱ्या पायऱ्यांत सारखा, हे त्यातील मर्म होय.

जिन्याचा खरा धर्म हाच. पहिल्या एकदोन पायऱ्यांवरून पाऊल पुढचा अंदाज बांधते. तो चुकला की वृद्ध माणूस पडतो. फ्रेंच वास्तुविद फ्रान्स्वा ब्लोंदेल याने १६७५ साली दोन चढ व एक पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या पावलाएवढी असावी, असा नियम मांडला. तो आजही उपयोगी पडतो.

आता आपल्या देवळांकडे पाहू. १०५ सेंटिमीटर उंच जोत्याला १५ सेंटिमीटरांचे ७ चढ आहेत, असे समजा. पुढे अंगणात ४ सेंटिमीटर जाडीची नवी फरशी बसली, तर खालचा चढ ११ सेंटिमीटरांचा होतो. बाकीचे होते तसेच राहतात. चिऱ्याच्या पायऱ्यांना यावर सोपा उपाय नाही. जुळवत्या जिन्यात मात्र उरलेले १०१ सेंटिमीटर सातांत वाटून प्रत्येक चढ सुमारे १४.४ सेंटिमीटरांचा करता येतो. हा त्याचा निर्विवाद गुण होय.

पण जुळविण्याची सोय म्हणजे जुळविणे नव्हे. घाईत काम करणारा कारागीर राहिलेला फरक शेवटच्या पायरीत ढकलून मोकळा होतो. शिवाय खाऱ्या हवेत लोखंडाचे सांधे गंजतात. म्हणून फरशी पुरी झाल्यावर प्रत्येक चढ मोजून द्यावा व सांधे ठरल्या वेळी तपासावेत, ही अट करारपत्रातच असावी.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने धार्मिक वापराच्या इमारतीही सार्वजनिक इमारतींत गणल्या आहेत. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या भक्ताला कितीही जुळवता जिना निरुपयोगीच. त्याच्यासाठी उतारवाट हवी. जिना जोत्याशी जुळला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो भक्ताच्या पावलाशी जुळला पाहिजे.