जुन्या गाण्यांचं वय

मे 2025 मध्ये गन्स एन रोझेस मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. जुलैमध्ये कार्डिफला ओएसिसचे भांडलेले दोघे भाऊ पुन्हा एका मंचावर आले. जुने रॉक बँड परत येतात, जुनी गाणी वाजवतात आणि मैदानं भरतात. हा आता अपवाद उरलेला नाही, संगीताच्या व्यवसायाचा तो मोठा आधार झाला आहे. मला खटकतं ते एवढंच की या मैफलींनंतर बोललं जातं ते तिकिटांवर, गर्दीवर आणि आठवणींवर. वाजवलं कसं, हा प्रश्न मागे राहतो.

तो प्रश्न विचारायला आपल्याजवळच एक उत्तम उदाहरण आहे. 1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड सुरू झाला. तेव्हा आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत, आणि कॉलेजांच्या महोत्सवांत श्रोत्यांनाही तेच हवं असे. बाहेरून येणारी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आयात शुल्कामुळे सामान्य मुलाच्या आवाक्याबाहेर होते. अशा दिवसांत या मंडळींनी स्वतःची गाणी रचली आणि 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला. 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड केलं, 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि 1997 मध्ये बँड थांबला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ उभा केला.

2010 मध्ये इंडस क्रीड परत आला. बेनेगल, गिटारवर महेश टिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नव्या पिढीचे. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. रॉकमध्ये ताल बदलला की गाण्याची चालण्याची ढबच बदलते. बास आणि ड्रम्स तरुण हातांत गेल्यावर जुनं गाणं जुन्या सवयीनं वाजवणं शक्यच राहत नाही, वरच्या गिटारलाही नव्यानं ऐकून उत्तर द्यावं लागतं. पुढे 2012 मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा पूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम दिला, म्हणजे आधीच्या अल्बमनंतर 17 वर्षांनी. जुन्या चाहत्यांपुढे जुनीच गाणी वाजवून त्यांचं सहज भागलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, म्हणूनच त्यांचं पुनरागमन मी कलेच्या खात्यात मांडतो.

कारण परत येण्यातला खरा धोका गळ्याचा नाही. पन्नाशीनंतर तार सप्तकातली जागा अवघड जाते, पट्टी अर्ध्या-एका स्वरानं उतरवावी लागते, त्यात कमीपणा काहीच नाही. उतरलेल्या पट्टीत शब्द कधी कधी जास्त नीट कळतात. धोका आहे तो तबकडीवरच्या गाण्याशी तंतोतंत इमान राखण्याचा. श्रोता तीस वर्षांपूर्वीचा गिटारचा तुकडा सुरासुरानं पाठ करून आलेला असतो आणि तो जसाच्या तसा मिळाला नाही की हिरमुसतो. मराठी श्रोत्याला खरं तर याहून चांगली सवय आहे. नाट्यपदाला वन्समोअर मिळाला की गायक तेच पद पुन्हा गातो, पण वेगळ्या जागा घेऊन, आणि त्या वेगळ्या जागांनाच दाद जाते. रॉकच्या जाणत्या वादकाला हे स्वातंत्र्य आपण का नाकारावं?

जागेचं दुखणं वेगळंच आहे. धोबी तलावचं रंगभवन हे मुंबईच्या रॉकचं घर होतं. उघड्या आकाशाखाली, माफक तिकिटात. 1986 पासूनचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव तिथे नावारूपाला आला, जॅझ यात्राही तिथे झाली. रुग्णालय आणि महाविद्यालय शेजारी असल्यानं तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि मैफली थांबल्या. रुग्णांची झोप महत्त्वाचीच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बदल्यात तशी दुसरी जागा शहरानं दिली नाही. रेसकोर्सवरचं तिकीट विद्यार्थ्याला परवडत नाही, मग जुन्या गाण्यांचा श्रोताही जुनाच राहतो.

मी हे झाईहून लिहितो आहे, आणि जुनं गाणं जुनं न होण्याचं उदाहरण इथेच आहे. हद्दीपलीकडे गुजरात, अलीकडे तलासरी-डहाणूचे पाडे. इथलं जुनं वाद्य तारपा. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, सांधे मेणानं बुजवलेले, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकानं श्वास घेत घेत फुंक तुटू देत नाही. भात कापून झाल्यावर रात्र रात्र नाच चालतो. चाल बदलली की पावलं बदलतात, आणि समोर बसून बघणारं कुणी नसतं, सगळेच साखळीत. ती चाल किती वर्षांची आहे, हे तिथे कुणी विचारत नाही. हंगाम आला की ती परत येते, म्हणून तिला जुनी म्हणायची वेळच येत नाही.

आता मात्र तिच्यावरही मंच आला आहे. महोत्सवात तारपाला काही मिनिटं मिळतात. चाल रंगायला लागते तोच निवेदक पुढच्या कार्यक्रमाचं नाव पुकारतो. लग्नांत डीजे वाजतो. 2026 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावच्या नव्वदी ओलांडलेल्या तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तारपाकऱ्याला सन्मानाइतकीच पूर्ण रात्र लागते आणि त्याच्या चालीवर पाऊल टाकणारी, चाल ओळखणारी तरुण माणसं लागतात. महोत्सव भरवणाऱ्यांनी पाच पथकांऐवजी एकच बोलवावं, खुर्च्या काढाव्यात, आणि पहाटेपर्यंत ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. रॉकच्या आयोजकांनीही जुन्या बँडला बोलावताना नव्या गाण्यांसाठी अर्धा वेळ करारातच लिहून द्यावा.