धाव आणि धीर

श्रद्धाळू माणसाचे चरित्र रंगविताना कलावंतापुढे एक मोह नेहमीच उभा असतो. श्रद्धेचे फळ डोळ्यांना दिसावे आणि तेही टाळ्या पडतील अशा क्षणी दिसावे, हा तो मोह होय. ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेला ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा 1981 सालचा इंग्रजी चित्रपट या मोहापासून कोठवर अलिप्त राहिला, हे तपासून पाहण्याचा आमचा येथे विचार आहे. 1982 साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळविणारी ही कृती खेळ आणि ख्रिस्ती निष्ठा यांचा संबंध सांगताना आजही दाखल्यादाखल पुढे केली जाते. तेव्हा तिच्यातून नेमका कोणता बोध निघतो, हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही.

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील दोन ब्रिटिश धावपटूंची ही कथा आहे. हॅरल्ड एब्राहम्स हे ज्यू. प्रतिष्ठितांच्या मनातील तुच्छभावाला उत्तर म्हणून ते धावतात. एरिक लिडल हे स्कॉटिश मिशनऱ्याचे पुत्र. ईश्वरदत्त देणगीचे ऋण फेडावे तसे ते धावतात. शंभर मीटरच्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी ठेवलेली. आणि रविवार हा उपासनेचा दिवस, म्हणून लिडल त्या शर्यतीतून माघार घेतात. राजपुत्र आणि उमराव यांच्यासमोर त्यांनी दिलेल्या नकाराचा प्रसंग मोठ्या संयमाने रंगविला आहे. त्यात आवाज चढत नाही, उपदेश होत नाही. एब्राहम्स यांच्या ईर्षेलाही चित्रपट तितक्याच आदराने वागवितो. हे त्याचे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु पुढे लिडल चारशे मीटरच्या शर्यतीसाठी उभे राहतात, तेव्हा अमेरिकन प्रतिस्पर्धी जॅक्सन शोल्झ त्यांच्या हाती एक चिठ्ठी देतो. जो ईश्वराचा मान राखतो त्याचा मान ईश्वर राखतो, अशा आशयाचे शास्त्रवचन तीत असते. लगेच शर्यत होते आणि लिडल जिंकतात. अशी चिठ्ठी त्यांना खरोखरच मिळाली होती. मात्र ती देणारा संघाचा मालिश करणारा होता. देणारा बदलला याबद्दल आमची तक्रार नाही. चिठ्ठी आणि विजय एकमेकांना अशा रीतीने जोडले गेले आहेत की, सुवर्णपदक म्हणजे नकाराची भरपाई असे प्रेक्षकाला वाटावे, ही आमची तक्रार आहे. लिडल दुसरे आले असते, तर त्यांचा नकार उणा ठरला असता काय?

दुसरा फेरफार अधिक बोलका आहे. चित्रपटात रविवारची बातमी लिडल यांना पॅरिसकडे निघताना, बोटीवर चढतेवेळी कळते. प्रत्यक्षात ती त्यांना काही महिने आधी कळली होती, आणि तो काळ त्यांनी आपल्या सवयीच्या नसलेल्या अंतराची तयारी करण्यात घालविला. 47.6 सेकंदांच्या त्या धावेमागे ही संथ मेहनत होती. पटकथेला एक तेजस्वी ‘नाही’ हवा होता. तो मिळविण्यासाठी तिने चिकाटी गमावली.

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूंचा दृष्टांत घेतला आहे. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. तो सुकणारा आहे, याची आठवण पौल मुद्दाम करून देतो. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रातही धावेचा दृष्टांत आहे. पण तेथे ‘हुपोमोने’ हा ग्रीक शब्द धावेला जोडला आहे. भाराखाली टिकून राहणे, असा त्याचा मूळ भाव. आपण त्याला धीर म्हणतो. धावणारा पुढे जातो, धीर धरणारा जागेवर राहतो. या दोहोंची सांगड हेच त्या दृष्टांताचे मर्म होय. चित्रपटाने धाव घेतली आणि धीर पडद्यावरील अखेरच्या एका वाक्यावर सोपविला.

तो धीर कसा होता? 1925 साली लिडल आपल्या जन्मभूमीस, चीनला, परतले आणि तिएन्त्सिन येथे शिक्षक झाले. 1941 साली युद्धाचे सावट वाढताच त्यांनी पत्नी आणि दोन मुलींना कॅनडास धाडले; तेथे जन्मलेली तिसरी मुलगी त्यांना कधीच दिसली नाही. 1943 साली जपान्यांनी त्यांना शांटुंग प्रांतातील वैशिएन येथील छावणीत डांबले. तेथे ते मुलांना शिकवीत, वृद्धांची कामे करीत, खेळ भरवीत. त्याच छावणीत राहिलेले लँग्डन गिल्की यांनी ‘शांटुंग कंपाउंड’ या 1966 सालच्या पुस्तकात, जागेच्या आणि अन्नाच्या टंचाईत सुशिक्षित आणि धार्मिक माणसेही कशी स्वार्थी होतात, याचे निर्दय चित्र काढले आहे. रेड क्रॉसची पार्सले वाटून घेण्यासही काहींनी हरकत घेतली. असल्या पुस्तकात संतपदाच्या जवळ पोहोचलेला म्हणून ज्या एकाच माणसाचे वर्णन येते, ते नाव बदलून रंगविलेले लिडल होत.

छावणीतील मुले रविवारी हॉकी खेळू लागली, तेव्हा लिडल प्रथम दूर राहिले. पंच नसल्याने खेळाचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडल शिटी घेऊन मैदानात उतरले. ज्या रविवारसाठी त्यांनी शंभर मीटरची शर्यत सोडली होती, तोच रविवार त्यांनी भांडणाऱ्या मुलांसाठी सोडला. आमच्या मते पॅरिसच्या नकाराचा खरा अर्थ येथे उघड होतो. स्वतःच्या कीर्तीसाठी जो नियम मोडवेना, तो दुसऱ्याच्या गरजेपुढे त्यांनी बाजूला ठेवला. हडसन यांच्या चित्रपटाला या प्रसंगासाठी जागा नाही, कारण त्यात कोणी जिंकत नाही.

21 फेब्रुवारी 1945 रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतील गाठीने लिडल त्याच छावणीत वारले. सुटका पुढे ऑगस्टमध्ये झाली. या मृत्यूला कोणत्याही चिठ्ठीतील वचन सरळ लावून दाखविता येणार नाही. आणि श्रद्धेविषयी गंभीरपणे लिहू पाहणाऱ्याने आरंभ येथूनच करावयास हवा. वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र त्याचा बोध घेण्यापूर्वी गिल्की यांचे पुस्तकही वाचावे.