सिलिकॉन इलेक्ट्रोडविषयक संशोधन : एक चिकित्सा

लिथियम बॅटरीतील ग्राफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडची सैद्धांतिक क्षमता प्रतिग्रॅम ३७२ मिलिअँपिअर-तास, तर सिलिकॉनची सुमारे ३,५७९ आहे. मात्र लिथियम शोषताना सिलिकॉनचे आकारमान जवळजवळ चौपट होऊन कण भंगतात. २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई यांच्या गटाने पोलादी पत्र्यावर सिलिकॉनच्या नॅनोतारा वाढविल्या. तारांना फुगण्यास मोकळी जागा मिळाली, हे त्या संशोधनाचे निर्विवाद यश होय.

तथापि मर्यादाही त्याच आकड्यांत दिसते. पहिल्या प्रभारणात ४,२७७ क्षमता नोंदली गेली. परत मिळाली ३,१२४, म्हणजे ७३ टक्के. चाचणी लिथियम धातूसमोरील अर्धघटात झाली. तेथे लिथियम मुबलक असल्याने त्याची घट झाकली जाते. प्रत्यक्ष बॅटरीत ते धन इलेक्ट्रोडमधून मोजकेच येते. राखीव साठा नसेल, तर प्रत्येक आवर्तनात ९९.५ टक्के कार्यक्षमता धरूनही १०० आवर्तनांनंतर सुमारे ६१ टक्केच लिथियम उरते. नॅनोरचनेचे विस्तृत पृष्ठफळ ही हानी वाढविते.

धानाच्या तुसापासून सिलिकॉन मिळविण्याचे प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यामुळे विदर्भाला त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कच्चा माल स्वस्त झाल्याने वरील हिशेब बदलत नाही. शिवाय अंजनगाव सुर्जीसारख्या गावी, वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात, विघटनाच्या क्रिया अधिक वेगाने घडतात. म्हणून पूर्ण घटातील व उच्च तापमानावरील दीर्घ चाचणीविना केवळ क्षमतेचा आकडा अपुराच ठरतो.