गाडीवरची पवनचक्की

विज्ञान प्रदर्शनांत एक प्रतिकृती वर्षानुवर्षे हजेरी लावते. पुठ्ठ्याची गाडी, छतावर निळी सौरपट्टी, पुढे छोटा पंखा, आत बॅटरी आणि चाकाला टेकवलेला डायनॅमो. शेजारच्या तक्त्यावर लिहिलेले असते की ही गाडी सूर्य, वारा आणि चाके यांच्या विजेवर चालते, इंधन लागतच नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तेव्हापासून या गाडीत झोपायची जागा, शेगडी आणि फ्रीज आला तरी नवल वाटायला नको. अमरावती-अकोल्याच्या मुलांना अशा गाडीतून चिखलदऱ्याला किंवा नरनाळ्याला मुक्कामाला जावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रतिकृतीची कल्पना आम्हाला आवडते. एका साधनावर विसंबू नये, ही तिच्यातील समज खरी आहे. आमची तक्रार आहे ती तक्त्यावरच्या विधानाबद्दल, आणि त्याहून जास्त, ते विधान न तपासता बक्षीस देणाऱ्या आपल्याबद्दल.

प्रथम पंखा पाहू. गाडी धावते म्हणून पंख्याला वारा लागतो, आणि गाडी धावते ती इंजिनाच्या किंवा मोटारीच्या बळावर. पंखा फिरताना वाऱ्याला अडवतो, म्हणजे गाडीलाही मागे ओढतो. गणित केले तर अगदी आदर्श पात्यांच्या पंख्यातूनही जास्तीत जास्त वीज काढताना दर १०० वॅटसाठी गाडीला १५० वॅट जादा खर्चावे लागतात. चाकाला टेकवलेल्या डायनॅमोचे तेच. सायकलचा डायनॅमो लावला की पायडल जड होते, हे प्रत्येक मुलाला पायांनी कळलेले असते. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम नववीत शिकवायचा आणि प्रदर्शनात तोच मोडणाऱ्या गाडीला पहिला क्रमांक द्यायचा, ही विसंगती मुलांच्या लक्षात येत नसेल असे समजू नये.

मात्र पंखा नेहमीच निरुपयोगी नाही. गाडी चिखलदऱ्याच्या पठारावर उभी असेल, तर तिथला वारा इंजिनाने निर्माण केलेला नाही; ती वीज खरी मिळकत आहे. परतवाड्याकडे घाट उतरतानाही तसेच. ही उतरण सुमारे ७०० मीटरची आहे. तीन टनांच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्या उतरणीत सुमारे साडेपाच युनिटांनी घटते. साध्या गाडीत तिचा मोठा भाग ब्रेक तापवण्यात जातो. विजेवरच्या गाडीत मोटारच जनित्र बनते आणि त्यातले बरेचसे बॅटरीत परत येते. म्हणजे साधन तेच, पण ते केव्हा कमावते आणि केव्हा उसने घेते, हे ओळखण्यातच विज्ञान आहे.

आता छतावरचे ऊन मोजू. आजच्या पट्ट्या कडक उन्हात दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट देतात. लहान कॅराव्हॅनच्या छतावर चार चौरस मीटर जागा मिळाली, तर ८०० वॅट. हा आकडा पट्टीचे तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो. अकोल्यात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते आणि पट्टी ७० अंशांपुढे तापते. दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घट धरली, तर भर दुपारी जवळजवळ पाचवा हिस्सा गळतो. वऱ्हाडात ऊन जास्त म्हणून वीजही तेवढीच जास्त, हे गृहीत धरता येत नाही. हिवाळ्यात वेगळी अडचण. २२ डिसेंबरला अमरावतीत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो, त्यामुळे सपाट छतावरच्या पट्टीला समोरासमोरच्या उन्हाचा सुमारे ७० टक्के भागच मिळतो.

सगळी गळती धरून चांगल्या दिवशी तीन युनिटे हाती येतात असे मानू. खर्च काय? १८० वॅटचा कूलर दहा तास चालला तर १.८ युनिट, लहान फ्रीज ०.८, पंखा ०.३, दिवे ०.१. बेरीज तीन. हिशेब जेमतेम जुळतो. श्रावणातल्या ढगाळ दिवशी जुळत नाही, आणि एसी लावला तर कधीच जुळत नाही. याच तीन युनिटांवर गाडी चालवायची म्हटली, तर दर किलोमीटरला ०.३ युनिट धरून ती दहा किलोमीटर जाईल. अमरावतीहून अकोल्याला निघालेले कुटुंब बडनेऱ्याच्या आसपास थांबेल.

जगातील उदाहरणेही हेच सांगतात. जुलै २०१७ मध्ये भारतीय रेल्वेने डब्यांवर सौरपट्ट्या बसवलेली डेमू गाडी दिल्लीत सुरू केली. पट्ट्यांची वीज दिवे-पंख्यांसाठी होती. गाडी ओढायला डिझेल इंजिनच होते. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोवेनच्या विद्यार्थ्यांनी 'स्टेला व्हिटा' हे सौर फिरते घर स्पेनच्या दक्षिण टोकापर्यंत नेले. त्यासाठी गाडी अत्यंत हलकी केली, उभी असताना छत उलगडून साडेसतरा चौरस मीटर पट्ट्या उन्हात धरल्या आणि ६० युनिटांची बॅटरी ठेवली.

मग साधने एकत्र कशी आणायची? एका टाकीत तीन नळ सोडावेत तशी. टाकी म्हणजे बॅटरी. पहिला नळ सौरपट्टीचा, दुसरा इंजिनावरच्या अल्टरनेटरचा, तिसरा मुक्कामी मिळणाऱ्या घरगुती विजेचा. प्रत्येक नळाला एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. नाहीतर रात्री बॅटरीतील वीज पट्टीतून उलटी वाहू लागते. टाकी भरल्यावर नळ बंद करणारा चार्ज कंट्रोलरही हवा, कारण उन्हाळ्यात लेड-ॲसिड बॅटरी जास्त भरली तर तिचे पाणी झपाट्याने उडते. अल्टरनेटरची वीज फुकट नाही, हेही सांगावे. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटे ऊर्जा असते. तिच्यातून बॅटरीपर्यंत दीड-दोन युनिटेच पोचतात.

प्रतिकृतीत या झडपा आणि हा कंट्रोलर क्वचितच दिसतो, आणि जमाखर्चाचा तक्ता त्याहून क्वचित. परीक्षकांनी म्हणून तीनच प्रश्न विचारावेत. ही वीज मुळात कोठून आली? दिवसाला किती युनिटे मिळतात आणि किती लागतात? साधन बंद असताना वीज उलटी जाणार नाही, याची तजवीज काय? उत्तरे देताना एखाद्या मुलीने पंखा काढून टाकला आणि त्या जागी मल्टिमीटरच्या नोंदींची वही ठेवली, तर प्रतिकृती कमी आकर्षक दिसेल. बक्षीस मात्र तिलाच मिळावे.